भंगारातला लेथ ते चालतं इंजिन: घरच्या वर्कशॉपसाठी पायरीपायरीने

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छ्यात किंवा पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावला एखादं युनिट सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन) बसवतं आणि कोपऱ्यातला पट्ट्याचा लेथ (जॉब फिरवून टूलने कापणारं मशिन) बाहेर पडतो. भंगारवाला बिडाचा किलोचा भाव लावतो. बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात ते बिडाचं धड) किती झिजलाय, स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) किती हलतोय, याचा त्याच्या काट्यावर काही फरक पडत नाही. त्यामुळे चांगलं आणि संपलेलं मशिन अनेकदा एकाच भावात शेजारी-शेजारी पडलेलं असतं. त्यातलं कुठलं उचलायचं, घरी आणून कुठल्या क्रमाने सुधारायचं आणि त्यावर पहिलं छोटं इंजिन कसं काढायचं, ते इथे सांगतो.

लेथ घरी आला की नवखा माणूस आधी सगळं मशिन खोलतो आणि मग रंग मारतो. ही दोन्ही सगळ्यात शेवटची कामं. आधी मोजायचं, मग जे चुकतंय तेवढंच खोलायचं. आपल्याला काढायचंय १२ मिमी बोअरचं इंजिन. त्यासाठी चकपासूनचे (जॉब पकडणाऱ्या जबड्यापासूनचे) पहिले दीडशे मिमी नीट चालले की पुष्कळ झालं. गंमत अशी की जुन्या लेथचा सगळ्यात झिजलेला भागही तोच असतो.

१. कोणता लेथ घ्यायचा

आपल्याकडे लेथ बेडच्या फुटावर विचारतात: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. घरासाठी तीन ते साडेचार फुटी बस्स. आठ फुटी मशिन कोणाला नको असतं म्हणून स्वस्त मिळतं आणि मोह होतो, पण त्याला क्रेन लागते, जाड काँक्रीट लागतं आणि घरच्यांची परवानगीही लागते. एचएमटीचे आणि हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचे जुने लेथ मजबूतच, पण वजन टनाच्या पुढे. तळमजल्यावर स्वतंत्र शेड असेल तरच त्यांच्याकडे बघा.

पहिल्या मशिनला ऑल-गिअरपेक्षा (गिअरने वेग बदलणाऱ्यापेक्षा) कोन पुलीचा (पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलणारा) लेथ बरा. गिअर कमी, सगळं उघड्यावर दिसतं, आणि टूल अडकलं तर पट्टा घसरतो, दात तुटत नाहीत. ऑल-गिअर हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल धरणाऱ्या डाव्या डोक्यात) तुटलेला दात तेलात लपून बसतो.

२. पैसे देण्याआधीची तपासणी

सोबत न्या: बॅटरी (टॉर्च), मॅग्नेटिक बेससकट डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ), व्हर्निअर, दोन फुटी लाकडी दांडका, सहा इंची पातळ स्टील पट्टी, चिंध्या आणि बाटलीभर डिझेल. यातल्या डायल गेजला पर्याय नाही. नसेल तर उसनं आणा, पण त्याच्याशिवाय जाऊ नका.

बेड: चकजवळ बेड पुसून नखाने चाचपा. सॅडल (बेडवर सरकणारी, टूल वाहणारी गाडी) जिथे कधी पोचत नाही तिथे बेडची मूळ उंची शिल्लक असते, आणि त्या कडेला नख अडकतं. मग सॅडल चकजवळ आणून त्याची जिब पट्टी (ढिलेपणा काढायची पट्टी) किंचित जड चालेल इतपत कसा आणि सॅडल टेलस्टॉककडे (उजव्या टोकाच्या आधाराकडे) ढकला. वाटेत घट्ट होऊन अडकलं तर चकजवळचा बेड झिजलाय. थोडं जड झालं तर चालतं. पूर्ण जाम झालं तर भाव पाडा किंवा सोडून द्या. बेड ग्राइंडिंगचा खर्च मशिनच्या किमतीपुढे जाऊ शकतो.

स्पिंडल: डायलचा बेस हेडस्टॉकवर ठेवा, टोक चकच्या बॉडीवर वरून टेकवा. चकखाली दांडका घालून हलकेच उचला. बुश बेअरिंगचा (धातूच्या नळीत फिरणारा) स्पिंडल ०.०२ ते ०.०५ मिमी उचलला तर उत्तम, तेलाला तेवढी जागा लागतेच. ०.१० च्या पुढे गेला तर बुशच्या कॅपखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) शिल्लक आहेत का ते विचारा. शिम असतील तर काम सोपं आहे. नसतील तर नवं गनमेटल बुश लागेल.

क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग): हँडल उलटसुलट फिरवून स्क्रू किती मोकळा फिरतो ते बघा. पाव फेरा मोकळा असला तरी घाबरू नका, बॅकलॅश नेहमी एकाच बाजूने काढून काम होतं. खरा त्रास वेगळा. स्क्रू मधेच झिजलेला असतो, आणि मग मधल्या भागात डायल एक सांगतो आणि टूल दुसरंच कापतं. म्हणून बॅकलॅश मधे आणि शेवटी, दोन ठिकाणी मोजा. मोठा फरक निघाला तर स्क्रू आणि नट दोन्ही बदलायचं धरून चाला.

चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे गिअर): हे बहुतेक वेळा मशिनबरोबर नसतात, कुठल्या तरी डब्यात असतात आणि तो डबा आधीच वेगळा विकला गेलेला असतो. २० पासून ५-५ दातांनी वर जाणारा सेट मोजून घ्या. १२७ चा गिअर आहे का ते खास विचारा, तो का लागतो ते पुढे येईल. बॅक गिअरचे (वेग कमी करणाऱ्या गिअरचे) दात एकेक करून बघा. ब्रेझिंग (पितळी झाळ) करून भरलेला दात चालतो, नसलेला चालत नाही.

टेलस्टॉक: दोन्हीकडे सेंटर लावून टोकाला टोक आणा आणि मधे पातळ स्टील पट्टी धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर जुळतंय. वर-खाली कलली तर टेलस्टॉकची उंची उतरलीय, डावी-उजवीकडे वळली तर फक्त बाजूचे स्क्रू हलवायचे आहेत. उंची उतरणं जवळजवळ सगळ्या जुन्या मशिनांत असतं. बेस आणि बॉडीमध्ये पत्र्याचा शिम घालून ते भागतं.

तडा: हेडस्टॉकचे पाय, बेडचे पाय आणि टी-स्लॉटच्या कडा डिझेलने ओल्या करून पुसा. तडा असेल तर पुसल्यानंतर मिनिटाभरात त्यातून काळी रेघ परत उमटते.

३. कागद आणि वाहतूक

कागद थोडे, पण मशिन राज्याची हद्द ओलांडून येत असेल तर हवेतच:

- विक्रेत्याचं बिल किंवा सही-शिक्क्याची पावती, त्यावर मशिनचं वर्णन आणि नंबर
- मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल
- मशिनच्या आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो

बिलावर ‘लोखंडी भंगार’ असं मोघम लिहून घेऊ नका. ‘वापरलेलं लेथ मशिन’ असं स्पष्ट हवं, म्हणजे वाटेत टेम्पोवाल्याला वाद घालावा लागत नाही.

तीन-साडेतीनशे किलोचं मशिन छोट्या हत्तीत सहज येतं. उचलण्याआधी चक, मोटर आणि टेलस्टॉक उतरवा. सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, कारण हेडस्टॉककडे वजन जास्त असतं आणि तोल तिकडे जातो. पट्टा (स्लिंग) बेडखालून घ्या आणि तो लीड स्क्रूवर (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) दाबणार नाही अशा बेताने लाकडी ठोकळे घाला. वाकलेला लीड स्क्रू सरळ करणं हे आयुष्यभराचं काम आहे. घरात सरकवायला एक इंची जीआय पाइपचे चार तुकडे आणि पहार पुरते. लेथ वरून जड असतो. उतारावर त्याच्या पुढे उभं राहायचं नाही, बाजूने ढकलायचं.

४. धुणं, गंज आणि खोलणं

प्रेशर वॉशर लावू नका, पाणी बुशमध्ये जाऊन बसतं. डिझेल, रंगाचा जुना ब्रश आणि पितळी पट्टीचा खरवडणा एवढं पुरे. बेडवर एमरी पेपर अजिबात नाही. त्याची पूड बिडात रुतते आणि पुढची दहा वर्षं सॅडल खात राहते. वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या बारीक स्कॉचब्राइटने हलकेच काढा. काळे डाग राहिले तर राहू देत, डागाने मोजमाप बिघडत नाही.

सुट्या लोखंडी भागांना (हँडल, चेंज गिअर, टूल पोस्ट) दोन उपाय आहेत.

पहिला आपल्या ऊसपट्ट्यातला: पशुखाद्याची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत. भाग बुडवून दोन ते तीन आठवडे विसरायचं. विसरायचं म्हणजे चार-पाच दिवसांनी काढून बघायचं, कारण जास्त दिवस राहिलं तर बिडाच्या धारदार कडा खाल्ल्या जातात. वास येतो, बादली घरापासून लांब ठेवा. पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्त चढवलेले भाग त्यात टाकू नका. बाहेर काढल्याबरोबर पाण्याने धुऊन, उन्हात तापवून तेल लावा. अर्ध्या तासाचा आळस केला तर नारिंगी गंज पुन्हा दिसतो.

दुसरा विजेचा: पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, भागाला निगेटिव्ह आणि भंगार लोखंडी पत्र्याला पॉझिटिव्ह. पत्रा स्टेनलेसचा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे अंगणात, विडी-सिगारेटपासून लांब. तार उलटी जोडली तर पत्रा साफ होतो आणि तुमचा गिअर विरघळतो, एवढं ध्यानात ठेवा.

खोलताना प्रत्येक भागाचे आधी फोटो. शिम निघाले की ते पुढचे-मागचे, डावे-उजवे असं लिहून वेगवेगळ्या पाकिटात ठेवा. शिम मिसळले की स्पिंडलची जुळणी पहिल्यापासून करावी लागते. ज्या भागात दोष मोजून सापडलेला नाही, तो भाग उघडूच नका.

५. बसवणं: बेडची पीळ काढणं

पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणणं हा उद्देश नाही. मशिन किंचित कललेलं असलं तरी कापतं नीट, पीळ असलेलं मशिन कापत नाही. लेथचे पाय जमिनीला बोल्टने आवळले की बेड जमिनीच्या खाचखळग्याप्रमाणे पिळवटतो. बीड कडक दिसतं, पण बोल्टच्या ताकदीपुढे ते वाकतं.

उद्यमबागेतल्या ओळखीच्या शॉपमधून ०.०२ मिमी प्रति मीटरची मशिन लेव्हल मिळाली तर चकच्या टोकाला आणि टेलस्टॉकच्या टोकाला बेडवर आडवी ठेवून दोन्हीकडे सारखंच दाखवेल असे पायाखाली पत्रे घाला. सुताराची पाणसळ इथे कामाची नाही.

लेव्हल नसली तरी अडत नाही. शेवटचा निकाल कापून बघण्यातूनच लागतो:

साधारण ३० मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार चकमध्ये धरा, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग बारीक करून दोन टोकांना १५ मिमी रुंदीच्या दोन कॉलर ठेवा, एकमेकांपासून १०० मिमी अंतरावर. धारदार टूल घेऊन ०.१ मिमीचा हलका कट, क्रॉस स्लाइड न हलवता, दोन्ही कॉलरवरून एकाच फेरीत. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा.

टेलस्टॉककडची कॉलर मोठी आली तर टूल तिकडे कामापासून तुमच्या बाजूला सरकतंय. टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचला. छोटी आली तर मागचा उचला. ०.०५ मिमीचा पत्रा एका वेळी, बोल्ट आवळून पुन्हा कट. शंभर मिमीत ०.०२ च्या आत आलं की थांबा. भोथऱ्या टूलने ही चाचणी करू नका. बार दबतो, बाहेरची कॉलर मोठी येते आणि तुम्ही बिचाऱ्या पायाला दोष देत बसता.

काँक्रीट नवीन असेल तर महिन्याभराने आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा तपासा.

६. स्पिंडल, जिब, तेल

बुशचे शिम दोन्ही बाजूंनी सारखेच कमी करा, एका वेळी ०.०२ मिमी. आवळून हाताने फिरवा, सहज फिरला पाहिजे. मग मधल्या स्पीडला वीस मिनिटं चालवून बुशवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर शिम परत घाला. डायल पुन्हा ०.०२ ते ०.०५ दाखवायला हवा. शून्य करण्याच्या नादी लागलात तर बुश जळेल.

जिबचे स्क्रू एका टोकाकडून क्रमाने आवळा, स्लाइड पूर्ण मागेपुढे नेऊन बघा. झिजलेल्या स्लाइडवर मधे घट्ट आणि टोकाला ढिलं असंच राहतं. जिथे काम करणार तिथे घट्ट ठेवा.

तेल हायड्रॉलिक ६८, बेडला आणि बुशला दोन्हीकडे चालतं. आपल्याकडे हायड्रॉलिकचे कारखाने असल्याने सुटंही मिळतं. तेलाच्या कपात ग्रीस भरलेलं दिसलं तर सगळं काढा. ग्रीस बुशपर्यंत पोचत नाही आणि तेलाची वाटही बुजवतं. मोटरसायकलचं काळं तेल नको, त्यात घाण असते.

आटे पाडायचे असतील तर हिशोब असा. जुन्या मशिनचा लीड स्क्रू बहुधा इंचात असतो, इंचाला ४, ६ किंवा ८ आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ चा गिअर लागतो, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. चालवणारा ÷ चालणारा = ५ × पिच × लीड स्क्रूचे आटे ÷ १२७. इंचाला ८ आटे आणि पिच १ मिमी असेल तर ४० ÷ १२७. हे आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (सॅडल लीड स्क्रूला जोडणारा) उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवून टूल मागे आणायचं. एकदा उघडला की टूल दुसऱ्याच खोबणीत पडतं.

७. मोटर आणि वीज

घरात सिंगल फेज असेल तर एक एचपीची सिंगल फेज मोटर हा सरळ मार्ग. मशिनबरोबर थ्री फेज मोटर आली असेल आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावायचा असेल तर इथे बहुतेक जण अडकतात: २३० व्होल्ट सिंगल फेज घेणारा व्हीएफडी बाहेरही २३० व्होल्टच थ्री फेज देतो. आपल्याकडच्या लहान मोटरी मात्र ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तशीच जोडली तर फिरते, पण कट लागला की दम टाकते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर डेल्टा करा. तीनच असतील तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार पॉइंट उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच घालू नका.

मोटर थेट लाईनवर असेल तर नो-व्होल्ट कॉइलचा (लाईट गेली की बंद होऊन तसाच राहणारा) स्टार्टर लावाच. नुसता साधा स्विच असला आणि लाईट गेली, तर तुम्ही चकमध्ये हात घालून जॉब काढत असताना हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाईट परत येते. बॉडीला अर्थिंग हवं, वेगळ्या तारेने.

आट्यांवर बसणारा चक असेल तर उलट्या फेऱ्यात भारी कट घेऊ नका आणि व्हीएफडीचा ब्रेक एकदम लावू नका. दोन्हीत चक आपोआप सुटतो आणि दहा-पंधरा किलोचं बीड बेडवर उडी मारतं. म्हणून आटे पाडताना टूल मागे आणायचं ते सगळ्यात कमी स्पीडला, थांबवून मग उलटं. चकची चावी चकमध्ये सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातला पंचा, ओढणी यातलं काहीही मशिनपाशी नको.

८. पावसाळा आणि खंडेनवमी

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या हवेत नुसता हात लावला तरी बिडावर बोटांचे ठसे गंजतात. मशिनवर प्लॅस्टिक टाकू नका, आत दव धरतं. तेलाचा सुती कपडा टाका आणि बेडखाली एक ४० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावून ठेवा. एलईडीने काम होत नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी. इन्व्हर्टरची बॅटरी त्याच खोलीत असेल तर ती आधी हलवा, ॲसिडच्या वाफेने नवा बेडसुद्धा महिन्यात करडा होतो.

खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू, ओली फुलं आणि नारळाचं पाणी बेडवर नको. हेडस्टॉकच्या झाकणावर वाहा आणि दसऱ्याच्या सकाळी पुसून तेल लावा.

९. पहिलं इंजिन: डुलणारा सिलिंडर

पहिल्यांदाच व्हॉल्व्ह, एक्सेन्ट्रिक असलेलं इंजिन घेऊ नका. ज्याचा सिलिंडर एका पिनवर डुलतो आणि डुलतानाच हवेची भोकं उघडतो-मिटतो, ते घ्या. भाग मोजके, आणि प्रत्येक भाग लेथच्या एकेका गुणाची परीक्षा घेतो. ते वाफेवर नव्हे, कॉम्प्रेस्ड हवेवर चालवायचं.

माप (सगळी मिमीत):

- उभी प्लेट: एमएस, १२० × ५० × १०. तळापासून ४२ वर क्रँकशाफ्टचं भोक, ९२ वर सिलिंडरच्या पिनचं. दोन्हीतलं अंतर ५०
- सिलिंडर: पितळ किंवा गनमेटल, २० × २४ ची बट्टी, बोअर १२, खोली ३८
- पिस्टन: एमएस, लांबी १२. रॉड ४ जाडीचा. पिस्टनच्या माथ्यापासून क्रँक पिनच्या केंद्रापर्यंत ५३
- क्रँक डिस्क: व्यास ३०, जाडी ८, पिन केंद्रापासून १० वर
- क्रँकशाफ्ट: ६ चा ब्राइट बार, गनमेटल बुशमध्ये
- फ्लायव्हील: बीड, व्यास ७०, जाडी १५

पितळेचे तुकडे आणि ब्राइट बारची टोकं मशिन शॉपच्या भंगारात किलोवर मिळतात. फ्लायव्हीलसाठी फाउंड्रीतून बिडाचा गोल तुकडा आणा. कन्नडमध्ये मागा नाहीतर मराठीत, वर्कशॉपातले शब्द दोन्हीकडे तेच.

फ्लायव्हील: ओतकामाची वरची कातडी कडक आणि वाळू मिसळलेली असते. पहिला कट भीत भीत ०.३ चा घेतला तर टूल वाळूवर घासून भोथरं होतं. थेट दीड मिमीचा घ्या, कातडीच्या खालून. स्पीड कमी: बिडाला मिनिटाला २० मीटर धरले तर ७० व्यासाला साधारण ९० फेरे, म्हणजे बहुधा बॅक गिअर. बीड कोरडंच कापतात. त्याची काळी पूड बेडच्या तेलात मिसळली की घोटायची पेस्ट तयार होते, म्हणून बेडवर ‘तरुण भारत’चा जुना अंक पसरा आणि कामानंतर पुडी बांधून उचला. बाहेरचा व्यास आणि मधलं ६ चं भोक एकाच बांधणीत करा. काढून परत धरलंत तर फ्लायव्हील लंगडं फिरेल.

सिलिंडर: फोर-जॉ चकमध्ये (चार सुटे हलणारे जबडे असलेल्या) धरा. बोअरचं केंद्र पिन ज्या बाजूला लागणार त्या फेसपासून १४ वर, दुसऱ्या बाजूपासून १० वर. हे मुद्दाम एका बाजूला आहे. १४ मधून बोअरचे ६ गेले की ८ ची भिंत उरते, आणि तिच्यात पिनसाठी एम ५ चे आटे ६ खोल पाडता येतात. मधोमध बोअर केला की पिनचं भोक आत फुटतं, आणि नवख्यांच्या निम्म्या बट्ट्या तिथेच भंगारात जातात. ड्रिल ११.५, बोअरिंग टूलने ११.९, शेवटी १२ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) कमी स्पीडला. बोअरिंग टूल मधे घातल्याशिवाय रीमर सरळ जात नाही, तो ड्रिलच्या वाकड्या वाटेनेच जातो. पितळेत ड्रिल एकदम आत ओढलं जातं. ड्रिलच्या धारा दगडावर किंचित बोथट केल्या की थांबतं.

बोअरचं वरचं तोंड तीन मिमीच्या चकतीने बंद करा. ही चकती पिनपासून १७ वर यायला हवी. बट्टीचं खालचं तोंड पिनपासून २१ खाली.

पिस्टन ११.९८ ला आणा, त्यावर अर्धा मिमी खोल दोन खोबण्या तेलासाठी. तेल लावून आत घाला, वरचं भोक बोटाने बंद करून ओढा. सोडल्यावर पिस्टन परत आत खेचला गेला तर बसणी जमली. घट्ट असेल तर पितळ चकाकायच्या पातळ पॉलिशने घोटा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावू नका, तिचे कण पितळेत रुतून बसतात.

हवेची भोकं: सगळं इंजिन यावर अवलंबून आहे. सिलिंडरच्या फेसवर पिनच्या केंद्रापासून १५ वर, बोअरच्या मध्यरेषेवर, २.५ चं एक भोक बोअरमध्ये जाईल असं. प्लेटवर २.५ चीच दोन भोकं: पिनपासून १४.७ वर आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३-३ वर. हे ३ कुठून आले? क्रँकची पिन १० वर, केंद्रांमधलं अंतर ५०, म्हणजे सिलिंडर पाचास एक या प्रमाणात कलतो. १५ चा पाचवा भाग ३. सिलिंडर सरळ उभा असताना प्लेटच्या दोन भोकांच्या मधे ३.५ ची कोरी जागा असते आणि सिलिंडरचं २.५ चं भोक तिच्यावर टेकून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी झाकलेलं राहतं. ‘हवा जास्त जाईल’ म्हणून भोकं ३.५ ची केलीत तर मधल्या क्षणी हवा सरळ आत येऊन सरळ बाहेर जाते आणि इंजिन जागचं हलत नाही.

अंतर चुकू नये म्हणून एक पत्र्याची पट्टी करा, तिला ५ चं आणि त्यापासून १५ वर २.५ चं भोक. तीच पट्टी सिलिंडरवर आणि प्लेटवर दोन्हीकडे खुणेसाठी वापरा. पट्टीत चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखीच येते. पहिल्यांदा १ मिमीचं ड्रिल, मग २.५ चं.

दोन्ही फेस सहा मिमी जाड काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, तेलात, इंग्रजी आठाच्या आकारात घासा. सगळीकडे एकसारखा करडा रंग आला की थांबा. पिनच्या भोकाभोवती ९ व्यासाचा उथळ खळगा करून ठेवा, नाहीतर आट्यांचा बर (उचललेली धारदार कड) वर येऊन सिलिंडर फेसवरून उचलून धरतो. रॉडचं डोकंही फेसपासून १४ वरच यायला हवं, त्यासाठी क्रँक पिनवर वॉशर घालून जुळवा.

१०. चालवणं आणि बिघाड

हवा अर्ध्या बारपासून सुरू करा, दीडच्या पुढे जायची गरज नाही. कॉम्प्रेसर नसेल तर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून भरून आणा आणि पातळ नळीने जोडा, काही मिनिटं सहज चालतं. गॅसच्या रिकाम्या टाकीत हवा भरू नका. प्रेशर कुकरची वाफ तर मुळीच नको. बॉयलर हा वेगळा विषय आहे. त्याला तांबं, चांदीचा झाळ आणि कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याची चाचणी लागते.

फ्लायव्हीलला बोटाने ढकल द्यायची. एकाच बाजूने ढकलणारं इंजिन आहे, स्वतःहून सुरू होईलच असं नाही.

फेसमधून हवा फुसफुसते: पिनवरची, सिलिंडर प्लेटला दाबून धरणारी स्प्रिंग थोडी आवळा. तरी थांबली नाही तर काचेवर परत जा. जास्त आवळली तर सिलिंडर डुलायचाच बंद होतो.

एका फेऱ्यात एकाच जागी अडतं: क्रँक पिन शाफ्टला समांतर नाही. रॉड सोडून सिलिंडर आणि शाफ्ट वेगवेगळे फिरवा. दोन्ही सुटे मोकळे फिरत असतील तर दोष पिनचाच. डिस्क नवी करा, पिन वाकवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

एका दिशेला जोरात, दुसऱ्या दिशेला मरगळून: हवेची नळी एका भोकातून दुसऱ्यात लावली की इंजिन उलटं फिरतं. दोन्ही दिशांच्या वेगात फरक असेल तर प्लेटवरची भोकं मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर नाहीत. सिलिंडर काढून पिनपासून व्हर्निअरने दोन्ही मोजा, एक कुठलं तरी २.८ आणि दुसरं ३.२ निघेल. ती भोकं एम ३ चा पितळी स्क्रू बसवून बुजवायची, फेस पुन्हा काचेवर घासायचा आणि त्याच पट्टीने नव्याने खूण करायची.